जुन्या मोटरहोममधील पॉवर स्टिअरिंग ऑइलची गळती : दुरुस्ती करताना या चुका टाळा

मराठवाड्यात दिसणारी मोटरहोम बहुधा मुळात मोटरहोम नसते. बरीच वर्षे चाललेली एखादी टेम्पो ट्रॅव्हलर, टाटा ४०७ ट्रकच्या चॅसीवरची मिनीबस किंवा मुंबई-पुण्याकडून जुनी म्हणून विकत आणलेली व्हॅनिटी व्हॅन घ्यायची, तिच्यात झोपण्याचे बाक, पाण्याची टाकी, छोटा ओटा आणि गॅसची शेगडी बसवायची, असा हा व्यवहार असतो. मग ती गाडी वर्षातून काही वेळा कुटुंबाला घेऊन तुळजापूर, माहूर, औंढा, परळी, वेरूळ अशी फिरते आणि उरलेले महिने घराशेजारी किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहते. पॉवर स्टिअरिंगचे ऑइल गळण्याचे मूळ पुष्कळदा याच दोन गोष्टींत सापडते : गाडीवर वाढलेले वजन आणि गाडीचे दीर्घकाळ उभे राहणे.

रबराचे ऑइल सील तेलात भिजत राहिले आणि त्याखालचा दांडा अधूनमधून फिरत राहिला, तरच ते मऊ राहते. गाडी चार-सहा महिने एकाच जागी उभी राहिली की सीलची धार एकाच रेषेवर दबून बसते, आणि पावसाळ्यातील दमट हवेने दांड्याच्या उघड्या भागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या पहिल्याच प्रवासात तो खडबडीत दांडा सीलची धार खरवडून काढतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, आणि त्यात इंजिनाची उष्णता मिळाली की जुने होज पाइप टणक होऊन त्यांच्या टोकांशी तडे जातात. म्हणजे गळती ही अशा गाडीत अनपेक्षित गोष्ट नाही. ती बहुतेक वेळा एखाद्या क्लिपपासून, वॉशरपासून किंवा हातभर लांबीच्या रबरी नळीपासून सुरू होते. पंप आणि स्टिअरिंग बॉक्स बदलण्याचा मोठा खर्च येतो तो प्रामुख्याने त्यानंतर घाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून येथे दुरुस्तीच्या पायऱ्यांपेक्षा त्या उपायांविषयी अधिक लिहिले आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात पाहू. इंजिनाच्या बेल्टवर किंवा गिअरवर चालणारा पंप स्टिअरिंग ऑइलच्या छोट्या टाकीतून तेल खेचतो आणि ते उच्च दाबाच्या पाइपमधून स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवतो; तेथे चालक ज्या बाजूला स्टिअरिंग वळवील त्या बाजूला तेलाचा दाब मदतीला येतो, आणि तेल कमी दाबाच्या परतीच्या नळीतून पुन्हा टाकीत येते. स्टिअरिंग सरळ असताना दाब फारसा नसतो, पण उभ्या गाडीत चाके वळवताना किंवा स्टिअरिंग एका टोकाला टेकवल्यावर तो शंभर बारच्या आसपास, काही जड गाड्यांत त्याहूनही वर जातो. कारच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

तेल घालत राहणे

सर्वांत अधिक आढळणारी चूक हीच आहे. टाकीतील पातळी खाली गेली, स्टिअरिंग जड झाले किंवा वळवताना घरघर ऐकू आली की अर्धा लिटर तेल ओतले जाते आणि गाडी पुढे निघते. गळती थेंबाथेंबाची असेल तर हे काही महिने चालूनही जाते. परंतु या पंपाला वेगळे वंगण नसते. जे तेल तो ढकलतो त्यानेच त्याची आतील पाती आणि कड वंगणात राहतात. टाकी रिकामी होऊन पंपात हवा शिरली की थोड्याच वेळात त्या भागांवर ओरखडे पडतात, त्यातून सुटलेला धातूचा कीस तेलाबरोबर स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो आणि तेथील बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकतो. अशा वेळी नुसता पंप बदलला, पाइप, टाकी आणि बॉक्स धुतले नाहीत, तर तोच कीस फिरून नव्या पंपाचेही नुकसान करतो.

तेल अचानक संपले तर स्टिअरिंगची यांत्रिक जोडणी तुटत नाही, चाके वळतातच. मात्र पुढच्या एक्सलवर मोठे वजन असलेली गाडी मदतीविना वळवणे फार जड जाते. कन्नडजवळच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर वळणाच्या मध्यभागी ही मदत नाहीशी झाली तर काय होईल, याचा विचार निघण्याआधीच करायला हवा. अमेरिकन बनावटीच्या काही जुन्या मोटरहोममध्ये, उदाहरणार्थ शेवरोलेच्या पी-३० चॅसीवरील गाड्यांमध्ये, ब्रेकला बळ देणारा बूस्टरही याच पंपाच्या तेलावर चालतो. अशी आयात केलेली गाडी हाताशी असेल तर स्टिअरिंगच्या तेलाची गळती ही ब्रेकचीही समस्या समजावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

दुसरा धोका आगीचा आहे. पाइपमधून उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर पडले तर ते पेटू शकते. मोटरहोमच्या आत पडदे, गाद्या, प्लायवूड आणि गॅसचे सिलिंडर असते, आणि इंजिनाचे झाकण अनेकदा केबिनमध्येच चालकाच्या शेजारी असते. चालताना तेल जळल्याचा वास आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे आणि सर्वांना खाली उतरवणे हे पहिले काम आहे. गळती शोधणे त्यानंतर.

गळतीची जागा अंदाजाने ठरवणे

जमिनीवर जेथे थेंब पडलेला दिसतो, त्याच्या बरोबर वर गळती आहे असे गृहीत धरून कामाला लागणे ही दुसरी मोठी चूक. तेल चॅसीच्या कडेने, वायरिंगच्या जुडग्यावरून, क्रॉस मेंबरच्या (चॅसीच्या आडव्या पट्टीच्या) खालून वाहत येते आणि सर्वांत खालच्या टोकावरून टपकते. चालत्या गाडीत वाऱ्यामुळे ते मागे फेकले जाते. पंपापाशी सुटलेले तेल बॉक्सवर पसरते आणि पाहणारा म्हणतो की बॉक्सचे सील गेले. मग बॉक्स उतरवला जातो, सील बदलले जाते, दोन दिवसांनी पुन्हा तेच ओले डाग दिसतात. त्यात आपल्याकडे रस्त्यांवर काळ्या मातीची बारीक धूळ असते. ती तेलावर बसून असा जाड थर होतो की खालची मूळ जागा दिसतच नाही.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी सफाई करावी. इंजिन थंड असताना पंप, टाकी, दोन्ही पाइप आणि बॉक्स डीग्रीजरने किंवा थोड्या डिझेलने ब्रश मारून धुवावेत. पेट्रोल वापरू नये. ते पेट घेते आणि रबरही खराब करते. डिझेल वापरले असेल तर नंतर साबणाच्या पाण्याने ते काढून टाकावे, बेल्ट आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून ठेवावेत आणि सर्व भाग कोरडे होऊ द्यावेत. मोटरहोममध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते : पाण्याच्या टाकीची गळती किंवा एसीचे पाणी चॅसीवरून वाहत येऊन तेलाचा माग बिघडवते, म्हणून तपासणीच्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी आणि एसी बंद असावा.

धुऊन कोरड्या केलेल्या भागांवर टाल्कम पावडरचा हलका थर टाकला की पहिला ओला ठिपका लगेच दिसतो. स्टिअरिंगच्या तेलात चालणारे चमकणारे रंगद्रव्य आणि निळ्या प्रकाशाची विजेरी मिळाली तर काम आणखी सोपे होते. मग इंजिन बंद ठेवून अर्धा तास पाहावे, त्यानंतर इंजिन सुरू करून पाहावे, आणि शेवटी एका सहकाऱ्याला चालकाच्या जागेवर बसवून स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवायला सांगून पाहावे. या तीन अवस्थांमधील फरक बरेच काही सांगतो. इंजिन बंद असतानाच थेंब येत असेल तर टाकी, परतीची नळी, खेचण्याची नळी किंवा पंपाच्या दांड्याचे सील यांकडे लक्ष द्यावे, कारण तेथे तेल नुसत्या उतारानेही येते. स्टिअरिंग वळवतानाच तेल दिसत असेल तर उच्च दाबाचा पाइप, त्याचे सांधे किंवा बॉक्सची सील संशयित ठरतात. जी जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली आहे, तीच बहुधा मूळ जागा असते.

गळणारे तेल स्टिअरिंगचेच आहे का, हेही पक्के करावे. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये घातले जाणारे ट्रान्समिशन फ्लुइड नवे असताना लाल असते, पण जुने होता होता तपकिरी, मग काळपट होते. त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन तो टाकीतील तेलाच्या थेंबाशेजारी ठेवून पाहणे अधिक खात्रीचे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, कूलंटला गोडसर वास असतो आणि ते पाण्यात सहज मिसळते.

येथे एका फसव्या गळतीचा उल्लेख आवर्जून करावासा वाटतो, कारण तिच्यामुळे चांगले मिस्त्रीही गोंधळतात. काही डिझेल इंजिनांवर स्टिअरिंगचा पंप बेल्टवर नसून थेट टायमिंग गिअरवर चालतो. अशा पंपाच्या दांड्याचे सील फाटले तर तेल बाहेर पडत नाही. ते इंजिनाच्या आत जाते. जमीन कोरडी, पाइप कोरडे, बॉक्स कोरडा, आणि तरीही टाकीतील पातळी मात्र उतरत राहते. अशा वेळी इंजिन ऑइलची डिपस्टिक पाहावी. तेथील पातळी वाढलेली असेल तर उत्तर मिळाले. स्टिअरिंगच्या तेलाने पातळ झालेले इंजिन ऑइल बेअरिंगना पुरेसे संरक्षण देत नाही, त्यामुळे सील बदलल्यावर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

याउलट, काही वेळा गळती नसतेच. टाकीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड इंजिनात गरम खुणेपर्यंत तेल भरले की ते तापून फुगते आणि झाकणाच्या छिद्रातून बाहेर येते. टाकीच्या बाहेरून ओघळ दिसला तर आधी पातळी आणि झाकणाखालची रबरी रिंग तपासावी.

हाताने चाचपणे

इंजिन चालू असताना उच्च दाबाच्या पाइपवरून हात फिरवून गळती शोधण्याची सवय अत्यंत घातक आहे. केसाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाऊ शकते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि म्हणून माणूस हळद लावून घरी जातो. आत मात्र तेल बोटाच्या आवरणांतून पसरत असते. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे घडल्यास जखम लहान दिसते म्हणून थांबू नये. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. पाइप तपासायचाच असेल तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्याजवळून फिरवावा. धार पुठ्ठ्यावर उमटते.

सहकारी स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून ते तसेच दाबून धरतो, तेही चुकीचे आहे. टोकाला पंपाचा दाब कमाल होतो आणि तेल झपाट्याने तापते. टोकाशी चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक थांबू नये.

मिळेल ते तेल ओतणे

या प्रणालीत ब्रेक ऑइल घालणे ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि डबे शेजारी शेजारी ठेवलेल्या दुकानात ती सहज घडते. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते, तर स्टिअरिंगमधील सील खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइलमध्ये ती फुगतात, मऊ पडतात आणि मग एक गळती होती तेथे चार होतात. चुकून थोडेसे ओतले गेले असेल आणि इंजिन सुरू केले नसेल, तर सुरू करू नये. टाकी रिकामी करून संपूर्ण प्रणाली योग्य तेलाने धुऊन घ्यावी.

जुन्या मिनीबसच्या पुस्तिकेत बहुधा डेक्सरॉन प्रकारचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड सांगितलेले असते. काही युरोपीय गाड्यांना हिरव्या रंगाचे वेगळे सिंथेटिक तेल लागते आणि ते लाल तेलात मिसळायचे नसते. मूळ पुस्तिका हरवली असेल, आणि रूपांतर केलेल्या गाडीत ती सहसा हरवलेलीच असते, तर गाडीच्या अंगावरील स्टिकरवर न जाता चॅसीच्या मूळ कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चॅसी क्रमांक देऊन तेलाची प्रत विचारून घ्यावी.

आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान असते आणि तेथे ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल लगेच मिळते. ते नेहमीसाठी वापरू नये. त्याचा घट्टपणा आणि त्यातील घटक या पंपासाठी ठरवलेले नसतात. मात्र रात्रीच्या वेळी आडरानात पंप कोरडा पडत असेल आणि दुसरे काहीच मिळत नसेल, तर जवळच्या गावापर्यंत सावकाश पोहोचण्यापुरते स्वच्छ खनिज तेल कोरड्या पंपापेक्षा बरे, आणि पोहोचल्यावर ते पूर्णपणे काढून टाकावे, असे माझे मत आहे. ब्रेक ऑइल मात्र त्या प्रसंगीही नको.

गळती थांबवण्याचा दावा करणारी बाटलीतील औषधे टणक झालेले सील थोडे फुगवून ओघळ कमी करतात. फाटलेले सील किंवा तडकलेला पाइप त्यांनी बरा होत नाही, आणि त्यांच्या भरवशावर लांबचा प्रवास आखू नये.

पाइप आणि सांधे

दोन पाइप दिसायला सारखे असले तरी त्यांची कामे अगदी वेगळी आहेत, आणि जुन्या गाड्यांमधील बऱ्याचशा चुकीच्या दुरुस्त्या येथेच झालेल्या आढळतात.

परतीच्या आणि खेचण्याच्या नळ्यांमध्ये दाब कमी असतो, त्यामुळे त्या क्लिपने बसवता येतात. परंतु नळी तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची आणि उष्णता सोसणारी असावी लागते. रेडिएटरची किंवा हीटरची नळी कापून बसवली की ती काही आठवड्यांत आतून फुगते, तिचे रबर सुटते आणि त्याचे कण गाळणीत जाऊन बसतात. क्लिप अति आवळली तर ती नळीला कापते. नवी क्लिप टाकण्याआधी नळीचे टोक कापून पाहावे. टोक टणक झालेले असेल तर दोष क्लिपचा नसून नळीचा आहे. परतीची नळी वारंवार निसटत किंवा पाझरत असेल तर टाकीतील गाळणी तुंबली आहे का, हे पाहिले पाहिजे, कारण तुंबलेल्या गाळणीमुळे परतीच्या बाजूला नको तेवढा दाब साठतो. नळी बदलली आणि गाळणी तशीच ठेवली तर गळती परत येते.

खेचण्याच्या नळीची गळती ओळखणे थोडे कठीण आहे. इंजिन चालू असताना ती तेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत ओढते; टाकीत फेस दिसतो, तेल दुधाळ होते, पंप किंचाळतो. अशा वेळी आवाज येतो म्हणून पंप बदलला जातो, आणि नव्या पंपातूनही तोच आवाज येतो.

उच्च दाबाच्या पाइपला मात्र कोणत्याही परिस्थितीत क्लिप, सायकलची ट्यूब, एम-सील किंवा वेल्डिंगची जोड देऊ नये. शंभर बारपुढे यांपैकी काहीही टिकत नाही, आणि ते सुटते तेव्हा गरम तेल इंजिनावरच उडते. मूळ पाइप मिळत नसेल तर जुना पाइप दोन्ही टोकांसह काढून हायड्रॉलिक पाइपचे क्रिंपिंग करणाऱ्या (पाइपच्या टोकांना धातूचे सांधे यंत्राने दाबून बसवणाऱ्या) दुकानात न्यावा. जेसीबी, ऊसतोडणी यंत्रे आणि ट्रॅक्टर यांमुळे अशी दुकाने जालना, लातूर, नांदेडसारख्या शहरांत, तसेच साखर कारखान्यांच्या परिसरात असतात. तेथे नुसते 'असाच बनवा' असे न सांगता तीन गोष्टी विचाराव्यात : पाइपवर छापलेला कामाचा दाब किती आहे, तो किती तापमानापर्यंत चालतो, आणि आतील व्यास मूळ पाइपएवढाच आहे का. साधा हायड्रॉलिक पाइप दाब सोसतो, पण बऱ्याच वेळा त्याची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप ती मर्यादा ओलांडू शकतो. पाइपची लांबी, वळण आणि बांधण्याच्या पट्ट्या मूळच्याप्रमाणेच ठेवाव्यात. चाके दोन्ही टोकांना वळवून तो कोठे घासत तर नाही, हे पाहिल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

सांध्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळणे ही नळकामातून आलेली सवय आहे. स्टिअरिंगच्या सांध्यात तेल अडवण्याचे काम आट्यांवर नसते. ते रबरी रिंगवर, तांब्याच्या वॉशरवर किंवा पाइपच्या फुगवलेल्या टोकावर असते. टेपचा सुटलेला धागा व्हॉल्व्हमध्ये गेला की स्टिअरिंग एका बाजूला जड होते आणि कारण सापडत नाही. वॉशर आणि रबरी रिंग प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. पाइपचे नट उघडताना नटाला चारी बाजूंनी धरणारा पाइपचा पाना वापरावा. स्क्रू पाना घसरून नटाचे कोपरे गोल करतो आणि मग पाच मिनिटांचे काम दिवसभर चालते.

पंप आणि स्टिअरिंग बॉक्स

पंपाच्या पुलीमागे ओलावा आणि बेल्टवर तेल दिसले तर दांड्याचे सील गेले असण्याची शक्यता अधिक असते. सील स्वस्त असते, म्हणून नुसते सील बदलून मोकळे होण्याचा मोह होतो. त्याआधी दांडा हाताने वर-खाली हलवून पाहावा. बेअरिंग किंवा बुश झिजून दांडा हलत असेल तर नवे सीलही लवकरच गळू लागेल. दांड्यावर नखाला जाणवेल अशी खाच असेल तरी तेच. पुली पुलरनेच काढावी. हातोडी मारून काढलेल्या पुलीमुळे पंपाचे आतील भाग दुखावतात. तेलाने भिजलेला बेल्ट पुसून परत लावू नये, तो बदलावा.

बॉक्सच्या बाबतीत सर्वाधिक गळते ते बॉक्समधून खाली येणाऱ्या दांड्याचे, ड्रॉप आर्मच्या (बॉक्सची हालचाल चाकांच्या जोडणीकडे नेणाऱ्या लोखंडी हाताच्या) वरचे सील. ड्रॉप आर्म काढण्यापूर्वी आर्म आणि दांडा या दोहोंवर खूण करून ठेवावी, नाहीतर स्टिअरिंग मध्यावर येत नाही. त्याचा नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावरच) आवळावा. तो सुटला तर स्टिअरिंग आणि चाके यांचा संबंधच तुटतो, म्हणून हा भाग अनुभवी मिस्त्रीकडून करून घेणे योग्य. बॉक्सच्या वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून गळती थांबत नाही. तो स्क्रू आतील ढिलेपणा कमी करण्यासाठी आहे, आणि अंदाजाने आवळला तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येत नाही. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर सील बदलून उपयोग होत नाही. बॉक्स पूर्ण उघडून दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा.

हवा काढताना आणि नंतर

दुरुस्ती करताना तेलाच्या प्रणालीत शिरलेली हवा काढावी लागते, आणि पुढची चाके उचलल्याशिवाय ती नीट निघत नाही. येथे जागेची निवड महत्त्वाची आहे. काळ्या रानात पावसाळ्यानंतर जमीन वरून कोरडी दिसते, पण जॅक आणि घोडी (उचललेली गाडी पेलणारा लोखंडी आधार) तिच्यात खचतात. मोटरहोमचे वजन पाहता हे जिवावर बेतू शकते. काँक्रीटचा ओटा किंवा डांबरी जागा निवडावी, नाहीतर घोडीखाली जाड, रुंद लाकडी फळ्या घालाव्यात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. मोटरहोमला समतल उभे राहण्यासाठी बसवलेले पाय या कामासाठी नसतात.

इंजिन लगेच सुरू करण्याची घाई टाळावी. आधी टाकी भरून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि पातळी उतरेल तसे तेल घालत जावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करून मंद गतीवर पुन्हा तसेच फिरवावे. तेल फेसाळलेले असेल तर इंजिन बंद करून तासभर थांबावे. फेसाळ तेलावर गाडी चालवणे पंपासाठी वाईटच.

काढलेले तेल पुन्हा टाकीत घालू नये आणि ते बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतूही नये. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली येते. ते बंद डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

दुरुस्तीनंतरही गळती वारंवार उद्भवत असेल तर पुढच्या एक्सलवरील भार तपासावा. पाण्याची भरलेली टाकी, जास्तीच्या बॅटऱ्या आणि सामान पुढच्या बाजूला आले असेल, टायर मूळ मापापेक्षा रुंद घातले असतील किंवा पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर प्रत्येक वळणाला पंपाला अधिक दाब निर्माण करावा लागतो. गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा भार वेगवेगळा मोजून घेता येतो. साखर कारखान्याजवळ किंवा बाजार समितीजवळ असे काटे असतातच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे धरून टाकी मागे सरकवण्याचा निर्णय त्या आकड्यांवरून घ्यावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवण्याऐवजी गाडी थोडी हलती असताना वळवावे, तेवढ्यानेही पाइप आणि सील यांवरील ताण बराच कमी होतो.

पहिले ४०-५० किलोमीटर जवळपासच्या सपाट रस्त्यावर चालवून, परत येऊन, रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी थंड इंजिनात टाकीची पातळी पुन्हा पाहावी. पातळी खुणेवर आणि पुठ्ठा कोरडा असेल तरच घाटाच्या रस्त्याला गाडी न्यावी. पुढे गाडी उभी राहणार असेल तेव्हा महिन्यातून एकदा इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून, गाडी चार पावले पुढे-मागे करत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून घ्यावे, म्हणजे सर्व सील पुन्हा तेलात भिजतात.